विजयदुर्गाचे ग्रहण आणि हेलियमचा शोध

देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला विजयदुर्ग हा मराठ्यांच्या आरमाराचा किल्ला. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. या किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत. गावकरी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. वर्तमानपत्रांत तसे छापून येते आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर कार्यक्रमही होतात. ही कथा खरी नाही. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हता. तो विजयदुर्गावर आला तो ३० वर्षांनी, १८९८ साली, दुसऱ्याच ग्रहणासाठी. पण कथा चुकीची ठरली म्हणून किल्ल्याचे विज्ञानाशी असलेले नाते तुटत नाही. उलट, खरा इतिहास मांडला तर त्यात विजयदुर्ग तर राहतोच, शिवाय या प्रचलित कथेने झाकून टाकलेली काही भारतीय नावेही उजेडात येतात.

आधी १८६८ सालचे ग्रहण पाहू. त्याच्या आठ-नऊ वर्षे आधी जर्मनीत किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले होते की तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून नेला की ठरावीक जागी तेजस्वी रेषा उमटतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. म्हणजे कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या वस्तूत काय आहे, हे तिच्या उजेडावरून ओळखता येणार होते. खग्रास स्थितीत सूर्याच्या कडेवर तांबड्या ज्वाला दिसतात. त्या कशाच्या आहेत, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. १८६८चे ग्रहण पाच मिनिटांहून अधिक काळ खग्रास राहणार होते आणि त्याचा पट्टा दख्खनमधून थेट मच्छलीपट्टणपर्यंत जात होता. त्यामुळे वर्णपटदर्शक घेऊन निरीक्षक भारतात आले. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता, मेजर टेनंट यांची ब्रिटिश तुकडीही तिथेच होती. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखिंडीला, तर मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला होता. त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीच्या तुकडीचे प्रमुख होते. ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्या तापलेल्या वायूच्या आहेत हे पक्के झाले. त्या रेषांत एक पिवळी रेषाही होती. सोडियमच्या प्रसिद्ध ‘डी’ रेषा वर्णपटात त्याच भागात येतात, म्हणून ती सोडियमचीच असावी असे बहुतेकांनी मानले. ती ‘डी’च्या जागी किंवा तिच्या जवळ आहे, अशी सावध नोंद पॉगसनने केली. नवे मूलद्रव्य सापडले, असे त्या दिवशी कोणीही म्हटले नाही.

गुंटूरला जान्सेनच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी त्याने भर उन्हात वर्णपटदर्शक सूर्याच्या कडेवर रोखला आणि रेषा दिसल्या. इकडे लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारा आणि फावल्या वेळात आकाशाचा अभ्यास करणारा लॉकियर हीच कल्पना दोन वर्षे डोक्यात घेऊन बसला होता. त्यासाठी लागणारे उपकरण त्याच्या हाती पडले तेच मुळी १८६८च्या ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबरला त्यानेही ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेनचे भारतातून गेलेले पत्र आणि लॉकियरचे वृत्त ही दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरला एकाच बैठकीत वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्याही मुद्रा असलेले पदक काढले. हा सन्मान ग्रहणाशिवाय ज्वालांचा अभ्यास करण्याच्या पद्धतीसाठी होता. हेलियमशी त्याचा थेट संबंध नव्हता, हे विसरून चालणार नाही.

हेलियमची कथा यानंतर सुरू होते. लॉकियरने पिवळ्या रेषेची जागा काटेकोरपणे मोजली तेव्हा ती सोडियमच्या जोडरेषांशी जुळेना. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात, तर ही ५८७.६ला. अंतर थोडे, पण मोजमापातली चूक म्हणून सोडून देण्याइतके थोडे नव्हे. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने हायड्रोजनपासून प्रयोगशाळेत अशी रेषा मिळते का, तेही तपासले. ती मिळाली नाही. तेव्हा ही रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकियर म्हणू लागला. ‘हेलियम’ हे नाव १८७१ साली एडिंबरोला ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणातून, विल्यम थॉमसन यांच्या तोंडून जगापुढे आले. अनेक रसायनज्ञांना मात्र हे मूलद्रव्य पटले नव्हते. एका रेषेवर मूलद्रव्य उभे करायचे, तेही कोणी बाटलीत भरून न दाखवता, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. अखेर १८९५च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून बाहेर पडलेला वायू तपासला आणि तीच पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी उप्साला येथे क्लेव्ह आणि लांगले यांनीही हा वायू वेगळा करून त्याचा अणुभार मोजला. १८६८ ते १८९५ अशी ही २७ वर्षे. गुंटूर, लंडन, एडिंबरो, उप्साला, एवढ्या ठिकाणचे काम त्यात आहे. हा शोध एका जागी, एका तारखेला, एका माणसाने लावला असे म्हणताच येत नाही.

मग विजयदुर्ग कुठे येतो? २२ जानेवारी १८९८ रोजी आणखी एक खग्रास ग्रहण भारतातून दिसले. या वेळी सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून दख्खन आणि वऱ्हाड ओलांडत ईशान्येकडे गेला. ‘नेचर’चा संस्थापक आणि संपादक म्हणून जगभर नाव झालेला लॉकियर आपली तुकडी घेऊन किनाऱ्यावर उतरला तो विजयदुर्गाला. ब्रिटिश आरमाराचे ‘मेलपोमीन’ हे जहाज मदतीला होते. त्या जहाजाचा कप्तान चिझम-बॅटन याचे नाव लॉकियरच्या अहवालावर सहलेखक म्हणून आहे. त्या कामाचे स्वरूप समजून घेतले की ओट्यांचे कोडे सुटते. लॉकियरला खग्रास स्थितीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्षणी सूर्याच्या वर्णावरणाचा वर्णपट हवा होता. त्यासाठी लोलक लावलेले मोठे कॅमेरे होते. आकाशात सरकणारा सूर्य आरशाने पकडून, घड्याळयंत्राच्या आधारे त्याची प्रतिमा कॅमेऱ्यात स्थिर ठेवायची होती. आरसा किंचित जरी हलला तरी रेषा पुसट येतात, म्हणून या उपकरणांना भक्कम, न हलणारी बैठक लागते. ग्रहण जेमतेम दोन मिनिटांचे. तेवढ्यात काचा बदलायच्या, झडपा उघडायच्या-मिटायच्या, प्रभामंडलाची चित्रे काढायची, सेकंद मोठ्याने मोजायचे. जहाजावरचे खलाशी आणि अधिकारी या कामासाठी पुढे आले. कोणी कोणत्या हाताने काय करायचे, हे त्यांच्याकडून आधी पुन्हा पुन्हा करवून घेतले गेले. मराठ्यांच्या आरमाराचा तळ राहिलेल्या किल्ल्यावर इंग्रज आरमाराचे खलाशी सूर्याच्या अभ्यासासाठी कवायत करत आहेत, हे दृश्य विजयदुर्गाच्या इतिहासात खऱ्या मानाने नोंदवण्यासारखे आहे.

आता या मांडणीवर येणारे आक्षेप पाहू. पहिला असा की ओटे तर डोळ्यांसमोर आहेत, मग लॉकियर आलाच नाही असे कसे म्हणता? ओटे कोणी तरी वेध घेण्यासाठी बांधले एवढेच त्यांवरून कळते. साल त्यांवरून कळत नाही, आणि १८९८चा अहवाल त्यांच्याशी नीट जुळतो. दुसरा आक्षेप असा की विजयदुर्ग आणि जमखिंडी जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तेव्हा १८६८चे ग्रहण किल्ल्यावरूनही दिसू शकले असते. हे खरे आहे. पण ऑगस्टच्या मध्यावर कोकणच्या किनाऱ्यावर पाऊस आणि ढग असतात, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. वेधासाठी समुद्र ओलांडून येणारा माणूस त्या दिवसांत मुद्दाम हीच जागा निवडेल, हे संभवत नाही. जमखिंडीला, घाटाच्या पलीकडेही, हर्शेलला ढगांनी त्रास दिला होता. जानेवारीत मात्र कोकणाचे आकाश स्वच्छ असते. शिवाय लॉकियरचे उपकरणच ऑक्टोबर १८६८ मध्ये तयार झाले, ही गोष्ट एकटीच पुरेशी आहे. आकड्यांत पाहिले तर १८६८ आणि १८९८ यांत एकाच अंकाचा फरक आहे. दोन्ही ग्रहणे खग्रास, लॉकियरचे नाव दोन्हींशी जोडलेले. लोकांच्या आठवणीत ही दोन साले एकमेकांत मिसळून गेली असावीत, असे मानायला भरपूर जागा आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासावर विसंबून आपल्या भूमीचा मान का घालवायचा, असे विचारले जाते. पण प्रचलित कथेत तरी भारतीय माणूस कुठे आहे? तिच्यात किल्ला आपला, ओटे आपले आणि नायक मात्र इंग्रज. रघुनाथाचारींचे नाव त्यात नाही. १८६७ साली ‘आर रेटिक्युली’ या तेजबदल करणाऱ्या ताऱ्याचा शोध ज्यांच्या नावावर आहे आणि १८६८ साली वनपर्तीला ज्यांनी वेध घेतले, त्यांना आपण विसरलो. १८९८चे ग्रहणही एकट्या लॉकियरचे नव्हते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊरला आपली छावणी ठोकली होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. त्या वेधशाळेतली २० इंची परावर्तक दूरदर्शी त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. मुंबई-पुण्यात प्लेग चालू असताना नायगमवालांनी ही मोहीम तडीस नेली आणि तिचा सविस्तर अहवाल छापला. त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आपली उपकरणे घेऊन आले होते. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माउंडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा अतिशय लांब गेलेला किरण छायाचित्रात टिपला. एका ग्रहणात महाराष्ट्राच्या एवढ्या गावांनी जगाच्या विज्ञानात भाग घेतला. नायगमवालांची वेधशाळा पुढे बंद झाली आणि तिची मोठी दूरदर्शी कोडाईकनालला गेली. आज जेऊरमधल्या किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

उरतो तो शेवटचा आणि सर्वांत प्रचलित युक्तिवाद. एवढ्याशा चुकीने कोणाचे काय बिघडते? पर्यटक येतात, मुलांना विज्ञानाची गोडी लागते. हा युक्तिवाद मनापासून केला जातो, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवे. मुलांना खोटी तारीख सांगून विज्ञानाची गोडी लावता येत नाही, कारण विज्ञानाचा पहिला धडाच पुराव्याचा आहे. सोडियमची रेषा आणि नवी रेषा यांच्यात दीड नॅनोमीटरही अंतर नव्हते. ते अंतर नजरेआड न करण्यातून हेलियम सापडला. त्याच हेलियमच्या नावाने आपण ३० वर्षांचे अंतर नजरेआड करावे, हे बरोबर नाही. शिवाय या कथेमुळे शोध म्हणजे एका थोर माणसाला एका क्षणी झालेले दर्शन, असा समज पक्का होतो. आजच्या बातम्याही शोधांची अशीच मांडणी करतात. एक नाव, एक दिवस, एक छायाचित्र. प्रत्यक्षात १४ सप्टेंबर २०१५ला लायगोच्या उपकरणांनी गुरुत्वीय लहर टिपली तेव्हा तो शोध जाहीर करणाऱ्या निबंधावर एक हजाराहून अधिक लेखकांची नावे होती. त्यांत पुण्याच्या आयुकाचे शास्त्रज्ञही होते. लायगोचे भारतातले केंद्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. उद्या तिथे काही सापडले, तर त्या गावाच्या नावाने पुन्हा अशीच सोपी कथा रचली जाण्याचा धोका आहे. ती रचली जाऊ नये असे वाटत असेल तर सुरुवात विजयदुर्गापासून करायला हवी.

त्यासाठी फार काही लागत नाही. किल्ल्यावर एक फलक उभारावा आणि त्यावर २२ जानेवारी १८९८ ही तारीख लिहावी. लॉकियरबरोबर रघुनाथाचारी, नायगमवाला आणि जान्सेन यांचीही नावे द्यावीत, आणि हेलियमचा शोध २७ वर्षांत कसा पूर्ण झाला ते चार ओळींत सांगावे. १८ ऑगस्टचे कार्यक्रम बंद करण्याची गरज नाही. हेलियमच्या कहाणीत तो दिवस मोलाचाच आहे, फक्त त्या दिवशी गुंटूर, जमखिंडी आणि वनपर्तीची आठवण काढावी. विजयदुर्गाचा दिवस जानेवारीत साजरा करावा. सिंधुदुर्गातल्या शिक्षकांनी, इतिहासप्रेमींनी आणि पुरातत्त्व खात्याने हे मनावर घेतले तर येत्या जानेवारीतही ते होऊ शकेल.