नव्या वस्तूची बातमी आणि घरातल्या शंका

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असा संपादक भगिनींचा निरोप आला. सोबत एक अटही होती: राजेरजवाडे आणि लढाया नकोत, कारण त्या विषयावर आपल्या कोल्हापुरात सांगणारे पुष्कळ आहेत. तेव्हा मी इतिहास शोधायला स्वयंपाकघरात गेले. जाते, स्टो, डालड्याचा डबा, कुकर आणि मिक्सर यांनाही इतिहास आहे. त्यातला मौजेचा भाग असा की, यांपैकी प्रत्येक वस्तूची बातमी मंगळवार पेठेत वस्तूच्या आधी पोचली आणि वस्तू दारात येईपर्यंत तिची यथेच्छ थट्टा होऊन गेली.

प्रथम एक गैरसमज दूर करते. नव्याला भिणे हा बायकांचा स्वभाव, असे घरोघरी म्हटले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष उतरेल, असे शेतकऱ्यांनी ठरवून टाकले, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. हे ठरवणारे बाप्येच होते, हे भगिनींनी लक्षात ठेवावे! आपल्या गावाला तर यंत्राचे वावडे मुळीच नव्हते. मिरजेहून आगगाडी १८९१ साली कोल्हापुरास आली. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली इथेच देशी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. उद्यमनगरात तर इंजिने घडली. परंतु चमत्कार असा की, यंत्र कारखान्यात गेले तर त्याला प्रगती म्हणत, आणि तेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की त्याला बायकांचा आळस म्हणत.

पहिली पाळी जात्याची. पिठाच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला. गिरणीत पीठ तापते, सत्त्व जळते, भाकरी चिरते, खाल्लेले अंगी लागत नाही. शिवाय एकीच्या दळणात दुसरीचे पीठ मिसळते. या शेवटच्या तक्रारीत सोवळे होते आणि जातही होती. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाद पुष्कळ झाला, पण तो सगळा पिठाबद्दल. पहाटे चारला उठून घरादाराचे दळण ओढणारीच्या दंडांची चौकशी त्या वादात कोणी केली नाही.

जात्याबरोबर ओव्या गेल्या, हे मात्र खरे नुकसान. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, हे आपल्यावर त्यांचे मोठे ऋण आहे. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे आणि सासुरवासही आहे. दोघी समोरासमोर बसल्या की पहाटेच्या अंधारात मनातले बोलता येई. तरीसुद्धा मी असे पाहिले आहे की, जाते गेले म्हणून हळहळणाऱ्यांत जाते ओढलेल्या बायका फार थोड्या असतात.

मग आला स्टो. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने बिनवातीचा स्टो काढला. तोच पुढे ‘प्रायमस’ नावाने जगभर गेला. त्याची युक्ती अशी की, पंपाने हवा भरली की दाबाने घासलेट वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ निळ्या ज्योतीने जळते. धूर नाही, काजळी नाही, फुंकणी नाही. जुन्या बायकांना त्याचा आवाज सोसवत नसे. “चूल कशी गुमान जळते, ह्यो राक्षस सारखा गुरगुरतोय,” असे आमच्या आजेसासूबाई म्हणत. चहाला घासलेटाचा वास येतो, ही दुसरी तक्रार. पिन मारताना हात भाजतो, ही तिसरी. आणि ती अगदी खरी होती.

स्टोच्या इतिहासात एक पान असे आहे की, तिथे थट्टा थांबते. १९७० नंतरच्या काळात वर्तमानपत्रांत दोन ओळींची बातमी वारंवार येऊ लागली: स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. लोक वाचत, चुकचुकत आणि पान उलटत. स्त्री-संघटनांनी मात्र साधी शंका काढली. स्टो तर घरातल्या सगळ्याच पेटवतात. मग भडका नेमका सुनेच्याच अंगावर कसा उडतो? नणंदेच्या अंगावर का नाही? या शंकेचा पाठपुरावा झाला, मोर्चे निघाले, आणि कायदा बदलावा लागला. १९८३ साली छळाविरुद्धचे ४९८-अ कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब कलम आले. १ जुलै २०२४ पासून याच तरतुदी भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८० या कलमांत आहेत. वस्तूवर घेतलेली शंका माणसापर्यंत कशी पोचते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता डालडा. ही बातमी १९३७ सालची. पिवळा डबा, त्यावर हिरवे ताडाचे झाड. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते तुपासारखे घट्ट करण्याची कृती विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी काढली होती. तिचा हा हिंदी अवतार. तूप परवडेना त्या घरांत डालड्याने सणासुदीला पुरी तळली, करंजी केली, हे नाकारता येणार नाही. परंतु संशय सुटला नाही. डालड्याने डोळे जातात, घसा बसतो, पैलवानाची ताकद जाते, असे बोलले जाई. खासबागेच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या पेठेत हा शेवटचा आरोप फारच गंभीर! रोज दूध, तूप आणि थंडाई पिणाऱ्या तालमीत डालड्याचे नाव काढण्याची सोय नव्हती. लग्नाच्या पंगतीत बुंदीचा लाडू हातात घेऊन म्हातारी बाई आधी वास घेई आणि मग यजमानांची पत ठरवी. मोकळ्या डब्यात मात्र तीच बाई तुळस लावी, डाळ भरी. डबा खरा, आतले खोटे, असा सरळ निवाडा होता.

हा संशय घरापुरता राहिला नाही. गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून वनस्पती तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी काही आली नाही, पण एक चतुर नियम झाला. वनस्पतीत ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. कारण काय? तर तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांच्या परीक्षेत गुलाबी-तांबडा रंग येतो. कोणी साजूक तुपात डालडा मिसळला तर तूपच साक्ष देई. म्हातारीच्या नाकाचे काम सरकारने परीक्षानळीकडे दिले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. १९९० साली नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखवले की, अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलांतील ट्रान्स मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले कमी करतो. म्हणजे धोका डोळ्यांना नव्हता, हृदयाला होता. आपल्या देशात हे प्रमाण हळूहळू खाली आणत जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स मेद २ टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियम लागू झाला. म्हातारीने कारण चुकीचे सांगितले, पण बोट बरोबर डब्यावर ठेवले होते. तिला अडाणी म्हणून हसणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

कुकरची गोष्ट याच्या उलट. इथे भीती मोठी आणि वस्तू गुणी. झाकण घट्ट लावून वाफेच्या दाबावर शिजवण्याची कल्पना देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली काढली. आपल्याकडे १९५९ पासून देशी प्रेशर कुकर मिळू लागले. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरात दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ अर्ध्याहून कमी वेळात मऊ होते. हे शास्त्र झाले. पेठेतल्या शंका निराळ्या. भात गुदमरतो, त्याला चव कुठली? झाकण उडून आढ्याला लागले तर? आणि सर्वांत मोठी हरकत शिट्टीची. “चांगल्या घरात भरदिवसा शिट्टी कसली वाजते गं?” असे एका वडीलधाऱ्या आत्याबाईंनी भिंतीपलीकडून विचारल्याचे मला आठवते. पुढे त्याच आत्याबाई आमच्या कुकरच्या शिट्ट्या भिंतीपलीकडून मोजू लागल्या, आणि “तीन झाल्या गं, उतरव आता,” असे ओरडून सांगू लागल्या.

झाकण उडण्याची भीती मात्र पोकळ नव्हती. शिट्टीची नळी कणीने तुंबली, की दाब वाढतो. म्हणूनच झाकणाला दुसरी सुरक्षा-झडप असते. दाब फार झाला की ती आधी वितळते किंवा सुटते. आज घरगुती कुकरवर भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा आहे. भिणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे वस्तू सुधारते, असा माझा समज आहे. न भिणारे गिऱ्हाईक कारखानदाराला फारच सोयीचे.

गॅसबद्दल थोडक्यात सांगते. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ च्या सुमारास आला. आपल्याकडे तो बऱ्याच उशिरा आणि नंबर लावून आला. गॅसवरची भाकरी खाल्ल्याने पोटात गॅस होतो, हा सिद्धांत त्या काळी पुष्कळ शहाण्या माणसांनी मांडला. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. इथेही शेवटी भरवसा बाईच्या नाकावरच ठेवलेला आहे.

राहता राहिला मिक्सर. परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यापुढे टिकत नसत. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच बिघडला, तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश माथुर यांनी ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि सुका मसाला यांना पुरी पडेल अशी दणकट मोटर बसवून नवा मिक्सर तयार केला. १९६३ साली त्यांची कंपनी सुरू झाली; मिक्सरचे नाव ‘सुमीत’, म्हणजे चांगला मित्र. बाईच्या तक्रारीतून देशी यंत्र जन्माला आले, ही बातमी मला या साऱ्या इतिहासात फार आवडते. कोल्हापूरकरांनी तरीही सांगितलेच, की पांढऱ्या रश्श्याला पाट्यावरच्या वाटणाची सर नाही. असेलही. पण हे सांगणारे पाटावर बसलेले असत, पाट्याशी नव्हे! वर्षाची चटणी तर आजही आपण डंकावरच कुटून आणतो, तेव्हा चवीसाठी यंत्र नको असे कोणी म्हणू नये.

आता या साऱ्या शंकांचा हिशेब मांडू. अंगाला बाधेल का? चव राहील का? भडकेल का? फसवणूक तर नाही? या चारही शंका आपण वेळोवेळी काढल्या, आणि त्या काढल्या हे बरेच झाले. पण पाचवी एक शंका आपण फारशी काढली नाही. वस्तूची प्रत्येक जाहिरात सांगे की, हिच्यामुळे गृहिणीचा वेळ वाचेल. वाचलेला वेळ गेला कुणाकडे?

अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ साली याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, यंत्रे आली तशी घरातली पुरुषांची आणि मुलांची कामे गेली. बाईचे काम मात्र उरले, उलट अपेक्षा वाढल्या. आपल्याकडचाच अनुभव पाहा. सरपण फोडणारा गडी गेला, गिरणीला दळण घेऊन जाणारा मुलगा मोकळा झाला. मिक्सर आला तेव्हा एका चटणीच्या तीन चटण्या झाल्या. धुण्याचे यंत्र आले तेव्हा दोन दिवस चालणारा सदरा रोज धुण्यात पडू लागला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. जाते गेले, चूल गेली, पाटा गेला. तरी पावणेपाच तासांहून जास्त काम उरलेच आहे.

२०१६ साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात असा फ्रीज मांडला होता की, आतल्या कॅमेऱ्यातून त्यात काय आहे ते बाजारातून फोनवर पाहता येते. ही बातमी आमच्या भिशीत निघाली तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, “फ्रीजमध्ये काय नाही ते मला घरात न पाहताही ठाऊक असतं. ते ह्यांच्या फोनवर दिसेल असं काही काढलंय का?” सगळ्या हसल्या. मला मात्र वाटले, गिरणीपासून राहून गेलेली पाचवी शंका वहिनींनी नेमकी काढली.

तेव्हा भगिनींनो, नव्या वस्तूला भिऊ नका आणि भुलूही नका. दुकानात झडप, शिक्का, हमी आणि किंमत जरूर पाहा. आणि वस्तू घरी आली की पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून एवढे ठरवून घ्या, की ही चालवायची कुणी, धुवायची कुणी आणि वाचलेला अर्धा तास कुणाचा. तो अर्धा तास मिळाला तर मंडळात या. तुमची खुर्ची आम्ही धरून ठेवू.