स्मरण-नोटेची कुळकथा

अमेरिकेतील एखाद्या संस्थानाच्या गौरवार्थ छापलेली स्मरण-नोट पाहिली, तर तिच्यावर त्या संस्थानाचा ध्वज, त्याची अधिकृत मुद्रा, त्याने आपले म्हणून मानलेले पुष्प आणि पक्षी, संघराज्यात प्रवेश केल्याचे साल असा सारा इतमाम आढळतो. उणीव एवढीच, की तिच्या मोबदल्यात काही अदा करण्याची जबाबदारी कोणत्याही खजिन्यावर नसते. वचन आणि चित्र ही नोटेची दोन अंगे होत. त्यांपैकी वचन कसकसे गळत गेले आणि चित्र तेवढे कसे उरले, हीच या वस्तूची कुळकथा.

तिचा आरंभ वचनापासूनच झाला. क्वेबेकवरील स्वारी फसून परतलेल्या शिपायांचा पगार लुटीतून भागवावा, असा मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा हिशेब होता; लूट मिळाली नाही आणि खजिन्यात शिल्लक नव्हती, म्हणून १६९० च्या डिसेंबरात वसाहतीच्या सरकारने कागदी रोखे काढून, ते करभरण्यात स्वीकारण्याची हमी दिली. पाश्चात्त्य जगात सरकारने काढलेले हे पहिले कागदी चलन मानले जाते. इतर वसाहतींनीही तोच मार्ग धरला. पेनसिल्व्हानियाच्या नोटा छापताना बेंजामिन फ्रँकलिनने खऱ्या पानाच्या शिरांचा ठसा धातूत उतरवून कागदावर उमटविला, कारण निसर्गाची ती रेघ लबाडाच्या हाताला साधणारी नव्हती. चित्र त्या काळी वचनाचा पहारेकरी होते.

स्वातंत्र्ययुद्धात कागदी चलनाची जी दुर्दशा झाली, तिचा धडा घेऊन १७८७ च्या राज्यघटनेने संस्थानांना नाणी पाडण्याची आणि असे रोखे काढण्याचीही मनाई केली. तथापि पेढ्यांना सनदा देण्याचा संस्थानांचा अधिकार शाबूत राहिला, आणि त्या सनदांच्या आधारावर शेकडो पेढ्यांनी आपापल्या नोटा काढल्या. त्यांवर कोरीव कारागिरांनी कुठे जहाजे, कुठे कापसाची शेते, कुठे आगगाड्या अशी त्या त्या प्रदेशाच्या उद्योगाची चित्रे उमटविली. पेढी बुडाली की वचन रद्दी होई, चित्र मात्र पूर्वीइतकेच देखणे राही.

यादवी युद्धात या गोष्टीला विलक्षण वळण लागले. १८६२ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राने दक्षिणेच्या बंडखोर संघाच्या पाच डॉलरच्या नोटेची प्रतिकृती छापली आणि त्या अंकावर लोकांची झुंबड उडाली. हे पाहून सॅम्युएल अपहॅम नावाच्या तेथल्याच एका दुकानदाराने तो ठसा मिळवून प्रतिकृती छापल्या आणि बंडाची आठवण म्हणून त्या एकेक सेंटाला विकल्या. ही प्रतिकृती असल्याचा मजकूर, आपले नाव व पत्ता हे सारे त्याने खालच्या समासात प्रामाणिकपणे छापले होते. परंतु समास कात्रीने सहज कापता येतो हे गिऱ्हाइकांनाही उमगले, आणि समास गमावलेल्या त्या नोटा दक्षिणेत पोहोचून त्यांवर कापूस खरेदी होऊ लागला.

युद्ध संपल्यावर नियतीने अस्सल नोटेलाही नकलेच्याच पंक्तीला बसविले. बंडाच्या साह्यार्थ काढलेले प्रत्येक कर्ज बेकायदा व रद्दबातल आहे, असे १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ठरविल्यामुळे, बंडखोर संघाच्या नोटांबरोबरच दक्षिणेतील संस्थानांनी युद्धासाठी काढलेल्या नोटाही केवळ संग्रहाची वस्तू होऊन बसल्या.

उत्तरेत याच सुमारास मध्यवर्ती सरकारने चलनाची सूत्रे हाती घेतली. १८६५ साली संस्थानी पेढ्यांच्या नोटांवर दहा टक्के कर बसविल्याने त्या बाजारातून उठल्या. मध्यवर्ती सरकारच्या सनदेवर चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय पेढ्यांच्या पहिल्या नोटांच्या पाठीवर मात्र पेढी ज्या संस्थानात असे त्याच्या मुद्रेला जागा देण्यात आली होती. अधिकार गेला, पण मान राहिला. १९३५ साली त्या पेढ्यांच्या नोटाही बंद झाल्या.

चलनातून हद्दपार झालेला संस्थानाचा अभिमान पुढे संग्राहकांच्या बाजारात प्रकटला. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत सरकारी टांकसाळीने पन्नासही संस्थानांची पाव डॉलरची नाणी, दरसाल पाच याप्रमाणे, काढून ही हौस घरोघर पोहोचविली. नोटांच्या बाबतीत हे काम खाजगी व्यापाऱ्यांकडे राहिले: कोणी सर्वस्वी काल्पनिक नोट छापतो, कोणी खऱ्या दोन डॉलरच्या नोटेवर संस्थानाचे रंगीत चित्र चढवितो, तर कोणी जुन्या नोटेची प्रतिकृती विकतो. यांपैकी जुन्या नाण्यानोटांच्या नकलांवर ‘कॉपी’ हा शब्द स्पष्टपणे उमटविण्याची सक्ती १९७३ च्या कायद्याने केली आहे. अपहॅमने समासापुरती पाळलेली सचोटी या कायद्याने सर्वांवर बंधनकारक केली.

म्हणून अशी नोट घेणाऱ्याने ती उद्याची पुंजी समजून घेऊ नये. मूळ नोट खरी असली तरी बाजारात तिची दर्शनी किंमत दोन डॉलरच राहते, व्यापाऱ्याने चढविलेल्या चित्राने ती वाढत नाही. संस्थानाचा इतिहास तळहाताएवढ्या कागदावर पाहायला मिळावा, एवढ्याच हेतूने ती घेणाऱ्याची फसवणूक होत नाही.