खाडीपलीकडचे नगर

माणसाची कुंडली जन्मानंतर मांडतात. नवी मुंबईची मात्र जन्माआधीच मांडली गेली. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली होती. तिला खाडी ओलांडून पूर्वेकडे वळवावे, हा विचार १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. सरकारी कचेऱ्या पलीकडे गेल्या की माणसेही मागोमाग जातील, असा हिशेब होता. पण मंत्रालय काही हलले नाही! १९७३ साली वाशीचा पूल झाला, तरी नगर रेंगाळतच वाढले. पुढे कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तिकडे गेला, १९९२ साली आगगाडी वाशीला पोचली, आणि मग वस्ती भराभर वाढली. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत अकरा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

२०२४ साली अटल सेतू खुला झाला, २०२५ साली विमानतळ. नगर आणखी वाढणार, यात शंका नाही. परंतु वाचकहो, ही भूमी ओसाड नव्हती. येथे आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरे होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले; त्यानंतरच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे ठरले. जमीन देणाऱ्यांच्या नातवंडांना त्याच नगरात मानाने राहता आले, तरच ही वाढ खरी म्हणावी.