इंटरनेट-फोनचं कूळ टपालातलं

इंटरनेटवरचे कॉल एकाच सर्व्हरला झेपेनासे झाले की ते अनेक प्रॉक्सी सर्व्हरांवर वाटले जातात. स्वयंचलित एक्स्चेंजचं स्ट्रोजरचं १८९१चं पेटंट, मग कॉलच्या गर्दीचं एरलांगचं गणित, मग संगणक, अशी या वाटणीची वंशावळ सहसा टेलिफोन एक्स्चेंजकडून लावली जाते. मला ती मान्य नाही. हे कूळ टपालाचं आहे आणि त्याला लेखी पुरावा आहे. जानेवारी १९८६मध्ये ई-मेलसाठी एमएक्स नोंदींचे नियम ठरले: डोमेन एक, मेल सर्व्हर अनेक, प्रत्येकाला पसंतीचा आकडा; लहान आकड्याकडे आधी जायचं, तो बंद असला तर पुढच्याकडे. ऑक्टोबर १९९६मध्ये गुलब्रॅन्डसन आणि व्हिक्सी यांनी इतर सेवांसाठी एसआरव्ही नोंद मांडली, तेव्हा प्राधान्याची व्याख्याच ‘एमएक्सप्रमाणे’ अशी दिली. भर घातली ती वजनाची: समान प्राधान्याच्या दोन सर्व्हरांना ६० आणि ४० वजन दिलं, तर काम साधारण त्याच प्रमाणात विभागतं. जून २००२मध्ये कॉल जोडणाऱ्या ‘सिप’ने हीच पद्धत उचलली.

एक्स्चेंजही मोकळी तार शोधतंच की, असा आक्षेप येईल. शोधतं, पण तार अडलेली आहे की रिकामी हे तपासून. एसआरव्हीत निवड पाठवणारी बाजू करते आणि तिला पलीकडची गर्दी दिसत नाही. याहून वजनदार आक्षेप कोलंबिया विद्यापीठातल्या कुंदन सिंग आणि हेनिंग शुल्झरिन यांच्या दुपदरी रचनेवरून घेता येतो. तिथे पुढच्या रांगेतले प्रॉक्सी ग्राहकाच्या नावावरून फक्त त्याचा गट ओळखतात आणि कॉल मागे धाडतात. ग्राहकांची नोंदवही मागच्या गटाकडे असते. आकड्यागणिक वाट काढणारा स्ट्रोजरचा सिलेक्टर इथे आठवतो खरा. तरी मला जवळचा वाटतो तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ला आणलेला पिनकोड. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरचा पिन ४४५१०२. दूरच्या छाटणी केंद्राला यवतमाळचे ४४५ पुरतात. १०२चा विचार पुढचे लोक करतात, आणि पत्र पुढे गेलं की त्या केंद्राचा त्याच्याशी संबंध संपतो. वेलणकरांची योजना कोलंबियात पोचली होती असं माझं म्हणणं नाही. गरज सारखी असल्याने उपायही सारखा निघाला. सिलेक्टरला मात्र बोलणं संपेपर्यंत तार धरून बसावं लागे, कारण आवाज त्याच्यातूनच जाई. इंटरनेटवर प्रॉक्सी गाठ घालून देतो आणि आवाज सहसा त्याला वगळून थेट फोन ते फोन जातो. म्हणूनच पुढच्या रांगेला कॉल लगेच विसरून पुढचा हाती घेणं परवडतं.