वामनदादांची शाळा आणि हरवत चाललेल्या चाली

संगीताचा इतिहास लिहिणारे घराणी मोजतात, संगीत विद्यालये मोजतात. त्यात वामनदादा कर्डक कुठे आहेत? ‘लोकशाहीर’ म्हणून त्यांना हार घातले जातात. पण संगीतकार आणि शिक्षक म्हणून त्यांची नोंद किती जणांनी घेतली?

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत दादांचा जन्म झाला. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत राबताना देहलवी मास्तरांकडून ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचायला लागले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले. तेही हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबन.

‘चाल उसनी आहे’ म्हणून काही जण नाक मुरडतात. त्यांना प्रयोग कळलेला नाही. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला आणि गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आणले. दादांनी तेच काम गाण्यात पुढे नेले. कव्वाली असो, लोकगीत असो वा सिनेगीत; लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालीत विचार भरला, की निरक्षर मजुरालाही गाणे सहज पाठ होते.

त्यांच्या शाळेला इमारत नव्हती. शिकणाऱ्याने ऐकायचे, कोरस धरायचा, मग स्वतः लिहायचे. प्रतापसिंग बोदडे याच शाळेतले.

या परंपरेची किंमत मराठवाड्याला सांगायला नको. १९७८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे शहीद झाले. १९९३ मध्ये नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या साऱ्या काळात वस्तीचा निर्धार भाषणांइतकाच पेटी-ढोलकीनेही जागता ठेवला.

१५ मे २००४ रोजी दादा गेले. ‘वाटचाल’ (१९७३), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह आहेत. पण पुस्तकात शब्द राहतात, चाल गळ्यात राहते. गळा गेला की चालही गेली.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीत डीजेला मोठा वाटा देताना एक काम करा. नांदेड-लातूरच्या प्रत्येक वस्तीतल्या जुन्या गायनपार्टीच्या माणसांसमोर बसा. मोबाईलवर गाणे उतरवा आणि विचारा: ही चाल कुठली, कोणाकडून शिकलात? आपला संगीताचा इतिहास दुसरे कोणी लिहून देणार नाही.

जय भीम!