गिरणगावातला धरणीकंप

परळ-लालबागकडे नव्याने राहावयास आलेल्या माणसाची पहिली तक्रार झोपेविषयी असे. करी रोडच्या पुलाखालून लोकल गेली की फळीवरचे पितळी डबे किणकिणत, गिरणीच्या साचेखात्याची घरघर भिंतींतून थेट अंथरुणापर्यंत येई, आणि भोंग्याची तर गोष्टच सोडा. महिना-दोन महिन्यांत मात्र हे सारे त्याच्या अंगवळणी पडे. इतके की, सुटीत गावी गेल्यावर तेथल्या निःशब्द रात्रीच त्याला छळू लागत. 1967 च्या जूनमध्ये मी वाईकडून शिक्षणासाठी लालबागेत आलो तेव्हा माझेही असेच झाले. आणि या सरावामुळेच त्या वर्षीच्या 11 डिसेंबरला, सोमवारी पहाटे चारच्या सुमारास, धरणी खरोखरीच हलली तेव्हा आमच्या खोलीतील निम्म्या मंडळींनी केवळ कूस बदलली.

ती खोली कोणा एकाची नव्हे, तर गावाची होती. पाटण तालुक्यातील एका गावच्या पुरुषांनी ती घेतलेली. पाळीप्रमाणे निजावयाचे, जेवण खानावळीत, ट्रंका भिंतीशी रचलेल्या आणि भाडे वर्गणीने. मामा त्या गावचे, म्हणून मला तेथे ठाव मिळाला. त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या असे. गाडी गेली तर त्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत, हे मी अभ्यासाच्या कंटाळ्यात अनेकदा पाहिले होते. त्या पहाटे पाणी एका बाजूस चढले, काठावरून सांडले, आणि मामा उठून बसले. "ही गाडी न्हवं. भुई हालतीया," एवढेच ते म्हणाले. सज्जात माणसे जमली, कोणी खाली अंगणात धावली; लाकडी चाळ करकरली, पण उभी राहिली. माझ्या आयुष्यातला तो पहिला भूकंप. मामांचा मात्र पहिला नव्हता.

कारण त्यांच्या गावाकडचे कोयनेचे खोरे तोपर्यंत चार-पाच वर्षे हादरत होते. 1962 पासून धरणामागे पाणी साठू लागले, शिवाजीसागराखाली गावे गेली, आणि पाठोपाठ जमिनीच्या पोटातून गुडगुड ऐकू येऊ लागली. 1967 च्या सप्टेंबरात मोठा धक्काही बसून गेला होता. अमेरिकेतील हूव्हर धरणाच्या जलाशयाभोवती 1930 नंतरच्या दशकात असे धक्के नोंदले गेले होते. तथापि दख्खनच्या कातळाविषयी शास्त्रज्ञांची श्रद्धा अढळ होती. हिमालय हलतो, आसाम हलतो, दख्खन हलत नाही, असा तो समज. वास्तविक, मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसले, ते आसामच्या 1897 च्या महाभूकंपानंतर. दूरच्या धरणीचे दुखणे टिपावयाचे हेच त्याचे काम मानले गेले असावे. कोयनेच्या धक्क्यानंतर 1970 मध्ये देशाचा भूकंपविषयक नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा त्यातला बिनधोक मानलेला 'शून्य' विभाग सरकारी दफ्तरातून कायमचा खारीज झाला. निर्धास्त असा मुलूखच उरला नाही, म्हणा ना.

पाणी साठल्याने भूकंप होतो तो केवळ त्याच्या भाराने नव्हे. पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथला दाब वाढतो, आणि आधीच ताणलेला कातळ घसरतो. त्या पहाटेच्या धक्क्याची तीव्रता 6.3 च्या आसपास धरली जाते. सुमारे 180 माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. धरणास तडे गेले, पण धरण टिकले.

आमच्या चाळीस हे सारे सकाळी तुकड्यातुकड्यांनी कळले. कोयनेची वीजनिर्मिती थांबली होती आणि मुंबईच्या कारखान्यांस त्याची झळ पोहोचणार, अशी चर्चा नळावर चालू होती. मला त्या दिवशी प्रथमच उमगले की, ज्या खोऱ्यातली माणसे साचे चालवावयास आणि मशीद बंदरावर ओझी उचलावयास मुंबईत आली, त्याच खोऱ्यातले पाणी पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोसळून मुंबईची यंत्रे फिरवीत होते. आणि आता सुमारे दोनशे किलोमीटरांवरून त्या खोऱ्याचा हादराही येथवर आला होता.

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. पत्र्याच्या ट्रंका उघड्या टाकून माणसे कऱ्हाडच्या गाडीसाठी धावली. रजेचा अर्ज मागाहून पाहता येईल, असे मुकादमानेच सांगितले. मामा तीन आठवड्यांनी परतले. दगडमातीच्या भिंती आतल्या आत कोसळल्या, वरच्या कौलांचा भार निजलेल्यांवर आला, एवढे त्यांनी सांगितले. पंचनामा, तलाठी, नुकसानभरपाई यांविषयी मात्र ते तासन्‌तास बोलत.

पुढे 1993 साली अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लालबागची मंडळी थकून परतत होती, त्याच पहाटे भूकंपाने किल्लारी उद्ध्वस्त झाली. तेव्हा मामा वृद्ध झाले होते, गिरणी कामगारांच्या संपानंतर त्यांची गिरणी कायमची सुटली होती, आणि साचेखात्याची घरघर बंद पडून कैक वर्षे लोटली होती. बातमी ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. उशाशी तांब्या होताच. त्यांनी तो काठोकाठ भरून घेतला आणि दिवा न मालवता, पाण्याकडे तोंड करून निजले.