गुणतक्त्याचा तळ



फुटबॉलचा सामना पाहायला गर्दी जमते. गुणतक्ता मात्र थोडेच लोक वाचतात. जो वाचतो तोही वरची दोन-तीन नावे पाहतो आणि वर्तमानपत्राची घडी घालतो. आज हा तक्ता आपण खालून वाचू. जिंकणाऱ्यांची बखर लिहायला कोणीतरी भेटतेच, म्हणून इतिहास शिकवणाऱ्याची नजर आपोआप तळाकडे जाते.

आधी तक्ता म्हणजे काय ते पाहू. समजा, आपल्या मावळातल्या कान्हे, साते, जांभूळ आणि कामशेत या चार गावांच्या शाळांनी साखळी स्पर्धा मांडली. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, म्हणजे सामने झाले सहा. जिंकणाऱ्याला तीन गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक. बाद पद्धतीत एक सामना हरला की पोरे घरी. साखळीत हरलेल्यालाही पुढचा सामना असतो. शिक्षक मंडळींनी हे करून पाहावे. चुना, चेंडू आणि एक वही एवढाच खर्च.

ही रीत इंग्लंडची. १८८८ साली बर्मिंगहॅममधल्या विल्यम मॅक्ग्रेगर नावाच्या कापडदुकानदाराने पुढाकार घेतला आणि बारा क्लबांची लीग उभी राहिली. तेव्हा विजयाला दोनच गुण होते, तिकडे तीन झाले ते १९८१ साली. १८९२ मध्ये खालचा, म्हणजे दुसरा गट निघाला आणि लगेच प्रश्न आला, वर कोणी चढायचे आणि खाली कोणी उतरायचे? त्यासाठी वरच्या गटातले तळचे संघ आणि खालच्या गटातले पहिले संघ यांचे निवडसामने ठेवले. १८९८ साली गंमत झाली. स्टोक आणि बर्नली यांचा शेवटचा सामना असा आला, की बरोबरी झाली तर दोघांचेही भागत होते. मग काय! दोन्ही संघांनी गोलाकडे चेंडू मारायचेच टाळले. प्रेक्षक इतके चिडले, की त्यांच्याकडे आलेला चेंडू ते परत देईनात. त्यानंतर निवडसामने बंद झाले आणि साधा नियम आला: तळाला राहील तो खाली, खालचा पहिला येईल तो वर.

आपल्याकडे हा नियम पेठापेठांत मुरलेला पाहायचा तर कोल्हापूरला जावे. तिथल्या क्लबांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम! कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल उचलला आणि शाहू स्टेडियमवर पेठेची इभ्रत पणाला लागू लागली. तालमीचा संघ खालच्या गटात उतरला तरी पेठ काही उठून जात नाही. पुढच्या हंगामात तीच माणसे कट्ट्यावर बसून आकडेमोड करीत असतात.

आता कान्ह्याहून फार दूर नसलेल्या बालेवाडीकडे वळू. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २००९ मध्ये दुसऱ्या गटातून चढून आय-लीगमध्ये आला. पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०१२-१३ ला उपविजेता ठरला. २०१४-१५ मध्ये भारत एफसी नावाचा दुसरा संघही बालेवाडीला आला. हा मात्र खालून चढून आलेला नव्हता, त्याला थेट प्रवेश मिळाला होता आणि आरंभीच्या काळात त्याला खाली उतरवायचे नाही असे अभयही होते.

हंगाम संपला तेव्हा अकरा संघांत भारत एफसी अकरावा होता आणि दहावा गोव्याचा धेंपो. धेंपो म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला संघ! तळचा राहिला जागेवर आणि त्याच्या वरचा उतरला. नियम कागदावर आधीच होता, तेव्हा कोणी फसवले असे म्हणता येत नाही. पण माझ्या मते तक्त्याचा अर्थच त्या दिवशी गेला. पुढे झाले काय? ज्याला अभय मिळाले तो भारत एफसी पुढच्या हंगामाआधीच बंद पडला. पुणे एफसीही त्यानंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. बालेवाडीच्या खुर्च्या होत्या तिथेच राहिल्या. पैसा होता, खेळाडू होते, पण मागे पेठ नव्हती.

धेंपोने मात्र खालच्या गटात खेळून २०१६ मध्ये तो गट जिंकला. वर जायचा हक्क हाती आला, पण आय-लीगला दुय्यम स्थान देण्याच्या महासंघाच्या बेतावर गोव्याचे क्लब रागावले होते. साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्याप्रमाणे धेंपोही बाहेर राहिला. इंडियन सुपर लीग २०१४ सालीच सुरू झाली होती, आणि तिथे तळच्या संघाला उतरवण्याची रीतच ठेवलेली नव्हती.

धेंपो पुन्हा आला तो २०२३-२४ साली, दुसऱ्या गटात दुसरा क्रमांक मिळवून. २०२४-२५ च्या आय-लीगच्या गुणतक्त्यात त्याचे नाव पुन्हा छापले गेले.